जे बोलता आलं ते सांगितलं

गुरुवार, ३ तारीख

आज टॅक्सीवाल्याशी मी त्याच्याच भाषेत बोलले आणि त्यानं आम्हाला बिनचूक हॉटेलवर आणून सोडलं. एवढं लिहायलाच ही वही उघडली. चार महिने रोज दुपारी तासभर मोबाईलसमोर बसून 'हे सफरचंद आहे, ती खुर्ची आहे' घोकत होते, तेव्हा घरात काय चेष्टा चालायची! हे तर पाहुण्यांना सांगायचे, 'हळू बोला, पोपटाचा अभ्यास चालू आहे.' आता बघा म्हणावं पोपट.

मी पुढे बसले होते ड्रायव्हरशेजारी. मागे ताई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. हॉटेलचं कार्ड दोन सीटांच्या मधून पुढे धरून बसल्या होत्या, उगीचच. मी म्हटलं, 'ताई, ठेवा ते आत, मी सांगितलंय त्याला.' त्यांनी मुकाट्यानं पर्समध्ये टाकलं. ताईंनी माझं मुकाट्यानं ऐकलं असं लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी कधी घडलं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यासाठीच आले मी या सहलीला. मोठे दीर जाऊन दोन वर्षं झाली. आईला जरा बाहेर काढावं म्हणून ताईंच्या मुलानं एका ट्रॅव्हल कंपनीबरोबरची ही परदेशाची सहल ठरवली आणि सोबतीला कोण, असा प्रश्न आला. मी म्हटलं, मी जाते, मला भाषा येते. बहात्तर वर्षांच्या बाईची सोबत म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पण माझ्या मनात होतं ते वेगळंच. त्या घरात भिंतींना रंग कोणता द्यायचा इथपासून माझ्या मुलाच्या मुंजीत भटजी कोण इथपर्यंत सगळं ताईंनी ठरवलं. मला कुणी काही विचारलं नाही. इथे मात्र पाणी हवं असलं तरी ताईंना माझ्याकडे बघावं लागतं. वाईट विचार आहे, पण वही माझी आहे.

सामान भरतानाही यावेळी माझाच हुकूम चालला. ताईंचा मुलगा औषधांची पाकिटं आणि डॉक्टरांच्या कागदांची फाईल घेऊन आला होता. म्हणाला, 'काकू, हे हातातच ठेवा.' एवढी थोरली पिशवी! तो गेल्यावर मी सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून सात खणांच्या डबीत भरल्या, झाकणांवर वार लिहिले, पाकिटं केराच्या टोपलीत टाकली आणि फाईल ताईंच्या कपाटात ठेवून दिली. डबी मुठीत मावते. ताई म्हणाल्या, 'अगं, नावं कळायची कशी?' मी म्हटलं, 'मी आहे ना.'

शुक्रवार, ४ तारीख

आमच्या सहलीतली सगळी मंडळी आता मलाच पुढे घालतात. सकाळी एकीला प्यायला गरम पाणी हवं होतं. मी वेटरला सांगितलं, त्यानं चार टॉवेल आणून दिले. ती बाई म्हणाली, 'असू दे, लागतीलच.' ताईंनी खाली मान घालून हसू दाबलं, असं मला वाटलं. नाकाला मिरच्या झोंबल्या.

शनिवार, ५ तारीख

हॉस्पिटलच्या खोलीत बसून लिहिते आहे. ताई पडल्या. सकाळी बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवर पाय चुकला आणि उजव्या कुशीवर आपटल्या. ओरडल्या नाहीत. फक्त माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन उद्या सकाळी.

सहलीचा मॅनेजर अॅम्ब्युलन्सपाशी घुटमळत होता. त्याला इथली भाषा उत्तम येते, दहा वर्षं या बाजूला ये-जा आहे त्याची. म्हणाला, मी थांबतो, बाकीच्यांना ड्रायव्हर पुढच्या गावी नेईल. मी म्हटलं, 'पंचवीस माणसं वाऱ्यावर सोडून? तुम्ही निघा. मला बोलता येतं.' त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

इथे आल्यावर नर्सनं भिंतीवरची एक पाटी दाखवली. वीसेक भाषांत एकाखाली एक तीच ओळ छापलेली आहे. आपल्या लिपीतही आहे: 'तुम्हाला दुभाषी हवा असल्यास या ओळीवर बोट ठेवा. फोनवर लगेच मिळेल.' परक्या भिंतीवर आपली अक्षरं बघून भडभडून आलं. पण बोट ठेवलं नाही. चार महिने घासून शिकले ते काय बोट ठेवायला? मी मान हलवून नको म्हटलं आणि त्यांच्या भाषेत माझं नाव, ताईंचं नाव, वय सांगितलं. नर्स हसली, तिनंही मग भरभर विचारायला सुरुवात केली. अर्धं कळलं. उरलेल्या अर्ध्याला मी हो म्हणत गेले. तिनं पुढे केलेल्या कागदावर सहीसुद्धा केली.

मग डॉक्टरीणबाई आल्या, तरुणच आहेत. त्यांनी माझ्याकडून गोळ्यांची डबी घेतली, एक खण उघडला आणि एकेक गोळी हातमोज्यावर घेऊन विचारू लागल्या. हा प्रश्न मला स्वच्छ कळत होता, ही कशाची, ही कशाची. पिवळी साखरेची, हे माहीत होतं. मोठी पांढरी बीपीची. एक कॅल्शियमची. मग एक अगदी बारीक गोळी उरली, ताई ती संध्याकाळच्या जेवणानंतर घेतात. ती कशाची, देव जाणे. आपल्या गोळ्यांवर काही छापलेलंही नसतं. त्या बाई हातावर गोळी घेऊन थांबल्या होत्या. मी म्हटलं, 'व्हिटॅमिन.' तो शब्द सगळीकडे सारखाच असतो.

तेवढ्यात ताईंनी खाटेवरून विचारलं, 'काय म्हणतायत गं? गोळ्यांचं काही विचारतायत का?' मी म्हटलं, 'तुम्ही पडून राहा ताई, मी बघते सगळं.' डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि डबी मला परत दिली.

एकंदरीत निभावलं म्हणायचं. दिवसभर काही खाल्लं मात्र नाही.

रविवार, ६ तारीख. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं

अक्षर लागत नाही.

सव्वाआठला ताईंच्या मुलाचा फोन आला. काळजीनं आवाज बसला होता. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, 'काकू, ती संध्याकाळची बारीक गोळी रक्त पातळ ठेवायची आहे. हृदयाच्या ठोक्यांसाठी. ऑपरेशनच्या आधी बंद करावी लागते. सांगितलंत ना डॉक्टरांना?'

मी 'हो' म्हटलं. का म्हटलं? त्यानं विचारलं आणि हो बाहेर पडलं. कालपासून हो म्हणायची सवयच लागलीय जिभेला.

परवा संध्याकाळी त्यांनी ती गोळी घेतली. काल संध्याकाळीही घेतली. ताईंच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून मीच डबीतून काढून दिली होती आणि शहाणपणानं नर्सला न विचारता दिली होती.

फोन ठेवला तेव्हा ताईंना आत न्यायला अर्ध्या तासाच्या वर वेळ होता. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले आणि सांगायचं कसं ते जुळवायला लागले. 'काल मी चुकीचं सांगितलं.' चुकीचं हा शब्द येत होता. 'मी खोटं बोलले' हेही येत होतं, तिसऱ्याच धड्यात होतं. रक्त येत होतं. पातळ येत नव्हतं. मग दुसरं वाक्य केलं. मग वाटलं, असं सांगितलं तर काल का नाही सांगितलं म्हणतील. मग वेगळं केलं. काल हसली होती ती नर्स दोनदा समोरून गेली, मी दोनदा हसले. भिंतीवरची पाटी पाच पावलांवर होती. तिच्यावर बोट ठेवायचं म्हणजे कालचं सगळं सोंग होतं असं कबूल करायचं. मी वाक्य करत बसले.

नऊला पाच कमी असताना ताईंची खाट बाहेर आली. मला त्या म्हणाल्या, 'चहा तरी घे गं, काल सकाळपासून उपाशी आहेस.' मी मान हलवली. दार बंद झालं.

त्याच दिवशी, दुपारी दोन

क्रमानं लिहिते.

वरचं लिहून झालं आणि वहीकडे बघितलं. म्हटलं, बाई गं, तू लिहीत काय बसलीस? माणूस मरेल तिकडे. उठले आणि नर्सच्या टेबलाकडे पळाले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी मराठीतच बोलायला लागले, जोरजोरात, 'गोळी, अहो ती गोळी, थांबवा त्यांना.' नर्सचा हात धरून तिला पाटीपाशी ओढत नेलं आणि आपल्या ओळीवर बोट ठेवलं. ती फोनकडे धावली. त्या फोनला दोन रिसीव्हर होते, एक तिच्या हातात, एक माझ्या.

पलीकडून बाईचा आवाज आला, पोक्त, शांत. 'नमस्कार. मी दुभाषी. तुम्ही जे म्हणाल ते जसंच्या तसं सांगेन. त्यात भर घालणार नाही, काही गाळणार नाही. बोला.'

आपली भाषा कानावर पडली आणि मला रडूच कोसळलं. त्या म्हणाल्या, 'ताई, नंतर रडा. आधी सांगा.'

मग सांगितलं. 'आत ज्यांचं ऑपरेशन चाललंय त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात. काल संध्याकाळी मीच दिली. काल डॉक्टरांना मी व्हिटॅमिन म्हणाले. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.' मी एकेक वाक्य संपवत होते आणि दुसऱ्या कानानं ते त्यांच्या भाषेत जाताना ऐकत होते. त्या माझं बोलणं 'मी' म्हणूनच सांगत होत्या. मी दिली. मी म्हणाले. मी विचारलं नाही. इतक्या सहज बोलत होत्या. माझे चार महिने फुकट गेले नाहीत, प्रत्येक शब्द कळला मला.

नर्स आत पळाली. परत आली ती गोळीचं नाव विचारत. मला नाव माहीत नव्हतं. ताईंच्या मुलाला फोन लावावा लागला. त्याला म्हटलं, 'अरे, डॉक्टरांना नाव परत एकदा हवंय.' त्यानं विचारलं, पाकिटं दाखवा ना, तुमच्यापाशीच आहेत. मी म्हटलं, 'ती पिशवी बसबरोबर पुढे गेली.' इतकं होऊनसुद्धा. दुभाषीबाईंच्या कानावर हे पडत होतं, पण ते काही नर्सला सांगायचं नव्हतं, त्यामुळे त्या गप्प राहिल्या. तो धावत आईच्या घरी गेला, कपाटातली फाईल शोधली आणि अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. फाईल कपाटात कशी, हे त्यानं विचारलं नाही. तेवढं सुचण्याच्या अवस्थेत तो नव्हता.

तोवर आत काम सुरू झालं होतं. रक्त थांबेना. त्यावर उतारा म्हणून इंजेक्शन असतं, ते दिलं. चार बाटल्या रक्त चढवलं. आता अतिदक्षता विभागात आहेत. डॉक्टरीणबाईंनी दुभाषीबाईंच्या फोनवरून सांगितलं, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ७ तारीख

दोनदा पाच-पाच मिनिटं आत जाऊ दिलं. ताई शुद्धीवर नाहीत. चेहरा पांढराफटक. त्यांचे केस असे कपाळावर विस्कटलेले मी कधी पाहिलेच नव्हते.

यांना फोन केला. यांना खरं सांगायचं ठरवून केला होता, पण हे म्हणाले, 'तू आहेस म्हणून निभावलं, नाहीतर त्या परक्या मुलखात काय झालं असतं?' मी ऐकून घेतलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई आहे मी आणि ही माणसं माझंच कौतुक करतायत.

मॅनेजर उद्या परत येतोय. या म्हटलं.

बुधवार, ९ तारीख

ताई शुद्धीवर आल्या. पाणी मागितलं. देवा, काय बोलू.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी फोन ताईंच्याच कानाला लावला. पेशंटला स्वतःला कळलं पाहिजे असा इथला नियम आहे. मी पायथ्याशी उभी होते. दुभाषी वेगळ्या होत्या की त्याच, कळलं नाही. डॉक्टर बोलत होत्या त्यातलं मला समजत होतं. आधी व्हिटॅमिन सांगितलं गेलं. उशिरा खरं कळलं. अजून उशीर झाला असता तर. ताई 'हं, हं' करत होत्या. मग ताईंनीच विचारायला सुरुवात केली. पाय कधी टेकवायचा, साखरेची गोळी कधीपासून, ती बारीक गोळी परत कधी सुरू करायची. गोळीचं नाव घडाघडा सांगितलं, किती मिलिग्रॅमची तेही. सहा वर्षं घेतायत, माहीत असणारच.

म्हणजे शनिवारी त्या शुद्धीवर होत्या, दोन हातांवर होत्या, आणि त्यांना नाव माहीत होतं. मी नुसती मान वळवायची होती. शब्द मला येत नव्हता म्हणून हे घडलं असं तीन दिवस मनाला सांगत होते. शब्दाचा काय संबंध? त्यांना विचारलं की त्या पुन्हा ताई आणि मी पुन्हा धाकटी, एवढंच होतं ते.

फोन ठेवून ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास भरलेला असताना पुन्हा भरायला गेले.

शुक्रवार, ११ तारीख

आज ताईंना साध्या खोलीत आणलं. सकाळी दोन नर्सनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, कळा सोसत बसल्या. 'धाकटे, केस विंचर माझे,' म्हणाल्या. मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा होता.

मुलगा आईला बघून आधी रडला, मग बरं वाटून चिडला. आता त्याला सगळे प्रश्न सुचले होते. फाईल कपाटात कशी राहिली? मॅनेजर म्हणतो पिशवी बसमध्ये नव्हतीच, मग पाकिटं गेली कुठे? डॉक्टरांना आधी चुकीचं सांगितलं कुणी? मी खिडकीजवळ उभी होते, मोबाईलमध्ये दिसत नव्हते.

ताई म्हणाल्या, 'अरे, मीच काढल्या पाकिटांतून. पिशवी जड होत होती. फाईलही मीच ठेवली. आणि ती बारीक गोळी कशाची म्हणून तिनं मला विचारलं, तर दुखण्याच्या भरात मीच काहीतरी सांगितलं. तिला बोलू नकोस. ती होती म्हणून आहे मी.'

एवढ्या सरळ आवाजात! माझ्यासाठी खोटं बोलल्या. ज्या बाईनं आयुष्यात आमटीत मीठ जास्त झालं तरी 'मी नाही टाकलं' असं चारचौघांत सांगितलं, त्या.

क्षणभर वाटलं, राहू दे. त्यांनीच झाकलंय, उघडणारी मी कोण? घरी गेल्यावर सगळे माझं कौतुक करतील, मग हळूहळू विसरतील. खरंच वाटलं असं, लिहायला लाज वाटते. पण त्या चार वाक्यांत एक वाक्य असं होतं की ते मला गिळवेना. 'तिनं मला विचारलं.' बाकी सगळं त्यांनी अंगावर घेतलं असतं तरी चाललं असतं, पण मी विचारलं असं नको.

मी पुढे जाऊन ताईंच्या हातातून मोबाईल घ्यायला गेले. त्या सोडेनात. शेवटी त्यांच्या खांद्यावरून वाकून बोलले. 'आई खोटं बोलतेय तुझी. पाकिटं मी टाकली केरात. फाईल मी ठेवली कपाटात. डॉक्टरांना व्हिटॅमिन मी सांगितलं, आईला न विचारता. तू रविवारी फोन केलास तेव्हाही सांगितलं नव्हतं, हो म्हणाले ते खोटं होतं. पिशवीचंही खोटं.'

तो म्हणाला, 'काकू, मी नंतर बोलतो.' फोन बंद झाला. तो नंतर कधी बोलेल, बोलेल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या जागी मी असते तर बोलले नसते.

ताई म्हणाल्या, 'काय गरज होती गं? मी मिटवलं होतं ना?'

मी त्यांच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसले. पाय धरावेत असं वाटत होतं, पण उजव्या पायाला हात लावायची सोय नव्हती. म्हटलं, 'ताई, तुम्ही समोर होतात. तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला विचारलं नाही.'

त्या म्हणाल्या, 'एकतीस वर्षांत मी तरी तुला कधी काय विचारलं?'

आजवर हे वाक्य मी कितीदा मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं. भांडी घासताना, चपात्या लाटताना. ते ऐकलं की मी काय काय सुनावणार होते ते सगळं पाठ होतं. आज खरंच म्हणाल्या आणि मला ते घेता येईना. कुठल्या तोंडानं घेऊ? हिशेब फिटला म्हणायला मी त्यांना चार बाटल्या रक्ताला लावलं.

दोघी रडलो नाही. त्यांना उन्हाचा त्रास होत होता, डोळे बारीक झाले होते. मी पडदा ओढायला उठले, हात दोरीला लावला आणि थांबले.

'ताई, ओढू का?'

'अर्धा ओढ,' म्हणाल्या.